कोल्ह्याने न ऐकलेले कडवे

एका डोंगराच्या अलीकडे एक जंगल होते आणि त्या जंगलात, कुंभ्याच्या झाडावर, एक शिंपीण राहत असे. शिंपीण म्हणजे शिंपी पक्ष्याची मादी. मुलांनो, तुम्ही तिला पाहिले असेल, पण ओळखले नसेल, कारण ती तुमच्या अंगठ्यापेक्षा जरा मोठी, आणि एका जागी स्वस्थ बसणे तिला ठाऊक नाही. हिरवी पाठ, तांबूस टोपी आणि लांब टोकदार चोच. त्या चोचीने ती पानाच्या कडेला भोक पाडते, भोकातून सावरीच्या कापसाचा धागा ओढून घेते आणि बाहेर आलेले टोक पिंजून त्याचीच गाठ बसवते. असे टाके घालत पानाच्या दोन कडा जोडल्या की झाले घरटे. हे तिला कुणी शिकवलेले नसते. शिंप्याला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, मात्र यातला एकही टाका येत नाही. त्याचे काम बडबड करण्याचे.

डोंगराच्या पलीकडच्या जंगलात शेकरू राहत. शेकरू म्हणजे भली मोठी खार, शेपटी तिच्या अंगापेक्षा लांब. एका वर्षी त्यांच्यात अशी टूम निघाली की, फळे तोंडात धरून आणण्यापेक्षा पानांच्या झोळीतून आणावीत. झोळी गळ्यात अडकवली की चारही पाय मोकळे! ज्याच्या त्याच्या गळ्यात झोळी दिसू लागली. शेकरूंना शिवता येत नव्हते, तेव्हा त्यांनी अलीकडच्या जंगलातल्या एका कोल्ह्याला सांगितले, "आम्हाला झोळ्या पाठव, आम्ही तुला मधाची पोळी देऊ." कोल्ह्यालाही शिवता येत नव्हते. पण बोलता फार छान येत होते.

उन्हाळ्याचे दिवस. किडे-अळ्या मिळता मिळत नव्हत्या. कोल्ह्याने वाळवीची वारुळे उकरून ठेवली आणि जंगलातल्या वीस-बावीस शिंपिणींना गोळा करून म्हणाला, "बायांनो, उन्हातान्हात भटकता कशाला? माझ्याकडे बसून झोळ्या शिवा, पोटभर वाळवी खा." हे सगळ्यांना पटले. आपल्या शिंपिणीलाही पटले, कारण घरट्यात तीन अंडी होती आणि पिल्ले आली की त्यांच्या चोचीत काय घालायचे, हा प्रश्नच होता. शिंप्याने अंड्यांवर बसायचे आणि तिने कामाला जायचे, असे ठरले.

कामाची जागा म्हणजे एका वठलेल्या सादड्याच्या झाडाची ढोली. आत अंधार, घुसमट आणि वाळक्या पानांचा वास. सकाळी सगळ्या आत गेल्या की, कोल्हा दारात करवंदीची काटेरी फांदी आडवी लावी आणि स्वतः बाहेर सावलीत बसे. "फांदी तुमच्याच रक्षणासाठी," तो म्हणे. रक्षण कुणापासून, ते त्याने कधी सांगितले नाही. पाणी हवे असेल तर विचारून जायचे, आणि विचारले की तो म्हणे, "ही झोळी होऊ दे, मग जा." ती झोळी झाली की दुसरी असायचीच. दिवेलागणीला फांदी बाजूला व्हायची. तेव्हा घरी जाऊन शिवणार काय? टाका दिसायला उजेड लागतो.

आता एक महत्त्वाची गोष्ट सांगायची राहिली. शिंपिणींच्या जातीत एक रीत आहे. शिवताना त्या गाणे म्हणतात. एक म्हणते, बाकीच्या झेलतात. गाण्याची चार कडवी आहेत, आणि चौथे कडवे संपले की कुणीही पुढचा टाका घालायचा नाही. चोच पुसायची, उठायचे, पाणी प्यायचे आणि आपापल्या घरट्याकडे जाऊन यायचे. धागा अर्धा भोकात असला तरी तो तसाच सोडायचा. पहिल्या दिवशी ढोलीत बसल्याबरोबर त्यांनी सवयीने गाणे सुरू केले होते :

"पानाला पान जोड गं बाई,
टाक्याला टाका, कसली घाई?"

दुसरे कडवे निम्मे झाले असेल-नसेल, तोच कोल्हा दारातून ओरडला, "काय चिवचिवाट लावलाय! चोच गाण्यात गुंतली तर शिवणार कशाने? गाणं बंद!" गाणे बंद झाले. कोल्ह्याने ते पुरते ऐकलेच नाही. शेवटच्या कडव्यात काय आहे, हे विचारायचेही त्याला सुचले नाही.

असे दिवस चालले असताना आपल्या शिंपिणीवर एक संकट आले. तिने घरटे शिवले होते ते कुंभ्याच्या कोवळ्या पानाचे, आणि उन्हाने पान जून होऊन आक्रसले, तशी एक शिवण उसवू लागली. एके संध्याकाळी ती घरी आली तर शिंपी अंड्यांवर बसलेला आणि पानाची सुटलेली कड त्याने चोचीत घट्ट धरलेली.

"अहो, काय झालं?" तिने विचारले.

"म्म्म," शिंपी म्हणाला.

"कड सुटली?"

"म्म्म्म!"

"कधीपासून धरून बसलाय?"

शिंप्याने डोळे फिरवून दाखवले, त्यावरून सकाळपासून असावे. ज्याची बडबड दहा झाडांना ऐकू जायची, त्याच्यावर अशी वेळ आली होती. शिंपिणीला हसू आले आणि लगेच तिने वाकून तळ पाहिला. कड सुटली की तळ उघडा पडणार, आणि तळ उघडा पडला की तीनही अंडी खाली. उजेडाचा अर्धा दिवस मिळाला असता तर तिने सहा-सात टाक्यांत काम भागवले असते. तिला फक्त अर्धा दिवस हवा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने कोल्ह्यापुढे मान खाली घालून म्हटले, "मुकादम, अर्धा दिवस सोडाल का? घरट्याची शिवण उसवलीय. आत अंडी आहेत हो."

"अरेरे!" कोल्ह्याने कान पाडले. त्याला अरेरे फार चांगले म्हणता येत असे. "तू तर माझी सगळ्यात हुशार कारागीर. तुला नाही म्हणताना माझं काळीज तुटतं बघ. पण पलीकडून निरोप आलाय, आठ दिवसांत हजार झोळ्या. हजार झाल्या की अर्धाच काय, आख्खा दिवस घे."

"पण तोपर्यंत—"

"अगं, तुझा नवरा आहे ना धरून? कर्ता पुरुष आहे. बस आत."

ती आत बसली. त्या दिवशी तिने शिवलेला प्रत्येक टाका तिच्या मनात आपल्या घरट्यालाच घातला जात होता, पण मनातल्या टाक्यांनी शिवण धरत नाही. संध्याकाळी शिंप्याची मान अवघडलेली होती. तिने त्याच्या चोचीच्या फटीतून थेंबथेंब पाणी घातले. तिसऱ्या दिवशी तिने पुन्हा विचारले, तेव्हा कोल्ह्याने अरेरेही म्हटले नाही.

चौथ्या दिवशी एक होला उडत आला आणि त्याने निरोप दिला, "पलीकडच्या शेकरूंनी आपला तपासनीस पाठवलाय. झोळ्या शिवणाऱ्यांना नीट वागवतात की नाही, ते बघायला तो उद्या सकाळी येतोय." आधी कळवल्याशिवाय कुणाकडे जायचे नाही, असा शेकरूंचा शिष्टाचार होता. शिष्टाचार चांगलाच, पण कोल्ह्याच्या तो फार उपयोगी पडला.

मग काय विचारता! कोल्हा दिवसभर पळत होता. काटेरी फांदी झाडामागे गेली. ढोलीवर लोंबणाऱ्या वेली त्याने दातांनी तोडून काढल्या, तेव्हा पहिल्यांदा आत ऊन आले आणि शिंपिणींना एकमेकींचे चेहरे दिसले. कोपऱ्याकोपऱ्यात पानांचे द्रोण पाण्याने भरले गेले. दारावर बहाव्याच्या फुलांचे घोस लागले.

"हे सगळं आता असंच राहणार का, मुकादम?" एका तरुण शिंपिणीने आशेने विचारले.

"पाहुणे जाईपर्यंत राहणार," कोल्हा म्हणाला. "आणि हे बघा, पाहुण्यांशी तुम्ही कुणी बोलायचं नाही. तुम्ही साध्याभोळ्या, तुमची तारांबळ उडेल. उत्तरं मी देईन."

शिंपिणींमधली सगळ्यात वडील, जिला सगळ्या आत्या म्हणत, ती आपल्या शिंपिणीच्या कानाशी पुटपुटली, "आधी सांगून येणाऱ्याला काय दिसायचंय? झाडलेलं अंगणच दिसणार."

दुसऱ्या दिवशी शेकरू आला. अंगावर लालसर झळाळी, शेपटी ऐटीत आणि हातात सालीचा एक तुकडा. त्यावर नखाने ओरखडून घ्यायचे, अशी त्याची पद्धत. ढोलीसमोरच्या फांदीवर बसून त्याने विचारले, "पाणी?"

"मुबलक!" कोल्हा म्हणाला. शेकरूने ओरखडा ओढला.

"उजेड?"

"लख्ख! बघा ना."

"दार?"

"सदा उघडं, साहेब. माझ्या घराचंसुद्धा एवढं उघडं नसतं."

"विसावा?"

"मीच म्हणतो, बायांनो, जरा बसा. त्याच ऐकत नाहीत. कामाची भारी हौस!"

चार ओरखडे झाले. शेकरू मनाने वाईट नव्हता, पण शिंपिणींपैकी एकीला काही विचारावे, हे त्याच्या सालीवर लिहिलेले नव्हते. तो जायला निघाला आणि सहज म्हणाला, "सगळं ठीक आहे. फक्त इथे फार शांत वाटतं. आमच्याकडे म्हणतात, खुशीत काम करणारे गुणगुणतात."

इथे कोल्ह्याने एक चूक केली. गप्प बसला असता तर शेकरू गेला असता. पण शाबासकी मिळत असताना गप्प बसणे त्याला जमले नाही. "गुणगुणतात म्हणजे? गातात, साहेब! तुमच्यापुढे लाजल्यात." मग ढोलीत तोंड घालून तो दबक्या आवाजात म्हणाला, "ए, ते तुमचं गाणं म्हणा. दोन कडवी. गोड म्हणा."

आत्याने आपल्या शिंपिणीकडे पाहिले. शिंपिणीच्या डोळ्यांपुढे तेव्हा एकच गोष्ट होती : अवघडलेली मान आणि तळाशी तीन अंडी. तिने चोच उघडली.

"पानाला पान जोड गं बाई..."

"टाक्याला टाका, कसली घाई?" वीस जणींनी झेलले. शिंपिणी एवढ्याशा असल्या तरी त्यांचा आवाज अंगाच्या मानाने भलताच मोठा. ढोली घुमू लागली. शेकरू परत फांदीवर बसला आणि शेपटीने ताल धरू लागला. दुसरे कडवे झाले. कोल्ह्याने पंजा वर करून खूण केली, पुरे. शिंपिणीने ती खूण पाहिली. तिला भीती वाटली. उद्यापासून वाळवी बंद झाली तर? पिल्लांना काय घालायचे? पण आधी पिल्ले तर यायला हवीत! तिने डोळे मिटले आणि तिसरे कडवे उचलले. मागून कुणी झेलते की नाही, हे ऐकायला ती अर्धा श्वास थांबली. पहिला आवाज आत्याचा आला, थरथरता पण पक्का, आणि मग सगळ्यांचा.

"वा!" शेकरू म्हणाला. आता पाहुण्यांसमोर कोल्हा काय करणार? तोही कसनुसे हसून मान डोलावू लागला.

चौथे कडवे सुरू झाले :

"चोच पुसा गं, उठा गं बाई,
घरटे आपली वाट पाही."

गाणे संपले. एकवीस शिंपिणींनी चोची पानांना पुसल्या. धागे जिथे होते तिथे सोडले. आणि सगळ्या एकदम उठून दाराकडे निघाल्या.

"अं? कुठे?" कोल्हा गोंधळला. "बसा, बसा! गाणं झालं ना? आता शिवायला लागा!"

"गाणं झालं म्हणूनच उठलो," आत्या म्हणाली. "आमची रीत आहे."

"रीतबीत नाही चालणार! अजून सातशे झोळ्या व्हायच्यात!" कोल्ह्याचा तोल सुटला. त्याने धावत जाऊन झाडामागची काटेरी फांदी ओढत आणली आणि रोजच्या सवयीने दारात आडवी घातली. "दिवेलागणीशिवाय कुणी बाहेर पडायचं नाही, हे रोज सांगावं लागतं काय?"

हे बोलून झाल्यावर त्याला आठवले की, पाहुणे अजून गेलेले नाहीत.

शेकरूने आपल्या हातातल्या सालीकडे पाहिले. दाराच्या ओरखड्याकडे पाहिले. मग दाराकडे पाहिले. "सदा उघडं का?" त्याने हळूच विचारले.

कोल्ह्याचे शेपूट खाली गेले. पण खरे सांगायचे तर, पुढे तो जे बोलला ते काही खोटे नव्हते. "साहेब, मला एकट्याला काय बोलता? आठ दिवसांत हजार कुणी मागितल्या? तुम्हीच ना? आठ दिवसांत हजार झोळ्या दार उघडं ठेवून कशा होतात, ते तुम्ही सांगा, मी तशा करतो."

शेकरू सालीवरचे ओरखडे पुन्हा मोजू लागला.

"तुमचं भांडण सावकाश चालू द्या," आपली शिंपीण काट्यांच्या फटीतून बाहेर येत म्हणाली. दोन पिसे काट्यांना अडकून राहिली, तिकडे तिने पाहिलेही नाही. चोचीत तिने सावरीचे चार धागे घेतले होते आणि तोंडातल्या तोंडात ती पुढे म्हणाली, "माझं घरटं फाटतंय." ती भुर्रकन उडाली. तिच्यामागून एकेक करून सगळ्या उडाल्या. कोल्ह्याने फांदी सोडून दिली. एकीला अडवता येते, एकवीस जणींना कसे अडवणार? आणि काय फाटते आहे ते बघायला शेकरूही झाडाझाडांवरून उड्या मारत निघाला.

कुंभ्याच्या झाडावर शिंपी अजून धरून बसला होता, पण त्याच्या पकडीतून पान इंचाइंचाने निसटत होते. शेकरूने ते पाहिले आणि वरच्या जाड फांदीला मागचे पाय अडकवून तो उलटा लोंबकळला. दोन्ही हातांनी त्याने पानाच्या कडा अलगद जुळवून धरल्या. शिंप्याची चोच मोकळी झाली. पाच दिवसांचे साठलेले बोलणे एकदम बाहेर पडले. "तुम्हीच का ते झोळीवाले? बरं झालं भेटलात! गळ्यात झोळ्या घालून मिरवता, आणि इथे माझी मान बघा, मान! वळते का बघा! आणि तहान! आणि माशी नाकावर बसली तर उडवता येत नाही, माहितेय?"

"अहो, हलू नका, टाका घालू द्या," शिंपीण म्हणाली.

तिने भोक पाडले. समोरच्या कडेला दुसरे पाडले. धागा ओढून घेतला, टोक पिंजले, गाठ बसवली. एक टाका झाला. मग दुसरा. उलटे लोंबकळलेल्या शेकरूच्या डोक्यात रक्त उतरले, हात भरून आले.

"अजून किती?" तिसऱ्या टाक्याला त्याने विचारले.

"इथे सात. तुमच्या एका झोळीला चोवीस."

मनातल्या मनात शेकरू चोविसांची नि हजाराची सांगड घालू पाहत होता. पाचव्या टाक्याला त्याने तो नाद सोडला आणि फक्त कड नीट धरली. त्याला मनापासून शरम वाटली. सातवा टाका झाला तेव्हा ऊन कलले होते आणि घरट्याचा तळ पुन्हा घट्ट झाला होता.

खाली उतरून शेकरूने सगळ्या शिंपिणींना बोलावले आणि सालीचा तुकडा उलटा केला. कोरी बाजू वर आली. "आता तुम्ही सांगा," तो म्हणाला. त्या सगळ्या एकदम बोलू लागल्या. शेवटी आत्याने सांगितले तेच सगळ्यांचे ठरले : फांदी जाळून टाकायची. वेली पुन्हा वाढू द्यायच्या नाहीत. गाणे म्हणायचे, आणि दर वेळी चार कडव्यांचे. ऊन कलायच्या आत घरी. कोल्हा हे ऐकत लांब बसला होता. त्याला काढून टाका, असे कुणी म्हटले नाही, कारण झोळ्या डोंगरापलीकडे वाहून न्यायला चार मजबूत पाय लागतातच. पण मुकादमी संपली. "पुढच्या वेळी मी न कळवता येईन," शेकरू जाताना म्हणाला. "शिष्टाचार गेला उडत."

तीनशे झोळ्या पाठीवर घेऊन कोल्हा त्याच्यासोबत डोंगरापलीकडे गेला आणि चौथ्या दिवशी परत आला, तो थेट कुंभ्याच्या झाडाखाली. शिंपीण घरट्यातच होती. आदल्या संध्याकाळपासून अंड्यांच्या आत टकटक चालली होती.

"काय सांगू शिंपीणबाई," कोल्हा धापा टाकत म्हणाला. त्याला गोष्ट सांगायची घाई झाली होती. "त्यांचा मुख्य शेकरू तीनशेच झोळ्या बघून लालबुंद झाला! आपल्या तपासनिसानं एक पळसाचं पान नि एक धागा पुढ्यात ठेवला नि म्हणाला, 'एक टाका घाला, महाराज.' पहिलं पान फाटलं. दुसरं फाटलं. तिसऱ्याला धागा निसटला. दुपार झाली, जेवायला उठेनात! शेवटी एक वाकडातिकडा टाका बसला, तर तो घेऊन साऱ्या झाडांवर दाखवत फिरले. मग खाली बसले आणि म्हणाले, 'पुढच्या हंगामाच्या झोळ्या आताच सांगून ठेवा. आणि कधी होतील ते त्यांना विचारा. आपण फळं तोंडात धरून आणू तोवर.'"

शिंपिणीचे अर्धे लक्ष पोटाखाली होते. टक, असा आवाज झाला. पहिल्या अंड्याला चीर गेली. मग दुसऱ्याला. शिंपी आनंदाने ओरडत साऱ्या रानाला सांगायला उडाला. शिंपीण मात्र जागची हलली नाही. ओली, गुलाबी, डोळे मिटलेली तीन पिल्ले एकापाठोपाठ एक बाहेर आली आणि ती बाहेर येताना त्यांची आई घरी होती.

खाली कोल्हा चुळबुळत उभा होता. "मग उद्या येशील ना कामाला?" त्याने विचारले.

शिंपिणीने घरट्यातून डोके बाहेर काढले. या वेळी तिने मान खाली घातली नाही.

"परवा येईन," ती म्हणाली.

"बरं," कोल्हा म्हणाला. "परवा ये."

तात्पर्य : काम मागणाऱ्याची घाई शेवटी काम करणाऱ्याच्या घरट्याला भोक पाडते, म्हणून वस्तू मागण्याआधी ती घडवणाऱ्यालाच वेळ विचारावी, आणि घडवणाऱ्यांनी आपला विसावा एकेकट्याने विनवून न मागता सगळ्यांनी मिळून घ्यावा.